लिथोग्राफीतील लेसर प्रकाशाची अवकाशीय सुसंगतता व तिचे मापन

प्रास्ताविक

ग्वाल्हेरच्या हजीरा भागात सूफी संत मोहम्मद गौस यांचा १६व्या शतकातील मकबरा दगडी जाळ्यांसाठी प्रसिद्ध आहे. जाळीचे छिद्र लहान व फरशी पुरेशी दूर असेल, तर छिद्र कोणत्याही आकाराचे असो, उन्हाचा कवडसा गोल पडतो. कारण तो सूर्याची प्रतिमा असतो. चिप बनविणाऱ्या लिथोग्राफी यंत्रातील प्रकाशाची तपासणीही याच तत्त्वाने करता येते. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन केले आहे.

संकल्पना

झोतातील दोन बिंदूंवरील प्रकाशलहरींची परस्परांशी असलेली जुळणी म्हणजे अवकाशीय सुसंगतता. उगम जितका विस्तृत दिसतो, तितक्या कमी अंतरापर्यंत ही जुळणी टिकते. व्हान सिटर्ट (१९३४) व झर्निके (१९३८) यांनी हा संबंध गणिताने मांडला. सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश व्यापतो; त्यामुळे थेट सूर्यप्रकाशात ही जुळणी मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंतही टिकत नाही.

लिथोग्राफीत मास्कवरील आराखडा भिंगांच्या साहाय्याने लहान करून सिलिकॉनच्या चकतीवर उमटवितात. त्यासाठी १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा आर्गॉन फ्लोराइड लेसर वापरला जातो. ‘सुसंगतता जितकी अधिक, तितका प्रकाश उत्तम’ हा समज येथे चुकीचा ठरतो. ती फार असल्यास झोतात ठिपके दिसतात व रेषांच्या कडांलगत नको असलेले पट्टे उमटतात. फार कमी असल्यास उजेड-अंधारातील फरक घटतो. म्हणून ती आराखड्यानुसार बेताची ठेवावी लागते आणि त्यासाठी मोजावीही लागते.

मापनाच्या पद्धती

पहिली पद्धत थॉमस यंग यांच्या प्रयोगावर आधारित आहे. झोतात दोन सूक्ष्म छिद्रे ठेवून पलीकडील पडद्यावर पट्टे पाहतात. सर्वाधिक व सर्वात कमी तीव्रतेच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले की पट्ट्यांची स्पष्टता मिळते. तीव्रता ९ व १ असल्यास स्पष्टता ०.८ येते. दोन्ही छिद्रांतून सारखाच प्रकाश येत असेल, तर हाच आकडा सुसंगततेचे माप होय. छिद्रांमधील अंतर वाढवीत गेल्यास ती कुठवर टिकते, हे कळते.

दुसरी पद्धत कवडशाची. मास्कच्या जागी एकच सूक्ष्म छिद्र ठेवून चकती नाभीपासून थोडी दूर सरकवितात. तेव्हा चकतीवर छिद्राची नव्हे, तर प्रकाश-उगमाची आकृती उमटते. त्या आकृतीवरून वरील गणिताने सुसंगतता काढता येते.

समारोप

लेसरचा प्रकाश सुसंगत असतो, एवढे सांगून वर्गात थांबणे पुरेसे नाही. ती सुसंगतता किती आणि किती अंतरापर्यंत, हेही विद्यार्थ्यांनी विचारावयास शिकले पाहिजे. पुठ्ठ्याला चौकोनी छिद्र पाडून गोल कवडसा दाखविण्यापासून ही सुरुवात कोणत्याही महाविद्यालयात करता येईल.