बाहेरूनच लावायचंय, काय होतंय?

पावसाळा लांबला की बेळगावच्या खडेबाजारात आणि आसपासच्या गल्ल्यांत काष्ठौषधींच्या दुकानांवर त्वचेच्या तक्रारी घेऊन येणारी माणसं वाढतात. भाताची लावणी उरकून खानापूर-चंदगडकडून आलेल्याला चिखल्यांवर काहीतरी हवं असतं, कुणाला नायट्यावर, कुणाला इसबावर. कडुलिंबाचं तेल, बावची, बिब्बा, कापूर यांच्या जोडीला आता टी ट्री, लव्हेंडर, नीलगिरी यांच्या इवल्या बाटल्याही मिळतात. घेणाऱ्याच्या तोंडी वाक्य मात्र तेच: बाहेरूनच लावायचंय, काय होतंय? बहुतेक गैरसमज या एका वाक्यात आहेत. फोड, काळे डाग आणि उशिरा झालेलं निदान ही त्यांची किंमत असते.

बाहेर लावलेलं आत जात नाही, असं निपाणीच्या पट्ट्यात तरी कुणी म्हणू नये. तंबाखूची ओली पानं दिवसभर हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो. जगभर तंबाखू पिकणाऱ्या भागांत तो ‘ग्रीन टोबॅको सिकनेस’ म्हणून ओळखला जातो. पानांवरच्या ओलाव्यात उतरलेलं निकोटिन कातडीतून थेट रक्तात जातं. सुगंधी तेलांमधले घटकही कातडीत शिरतात. तान्ह्या बाळाची कातडी नाजूक असते आणि वजनाच्या मानाने तिचं क्षेत्र मोठं असतं, म्हणून मोठ्यांना चालणारं तेल बाळाला चालेलच असं नाही. दोन वर्षांखालच्या मुलाच्या नाकातोंडाजवळ पुदिन्याचा अर्क किंवा कापूर लावू नये; श्वास अडकण्याचा धोका असतो. कापूर किंवा नीलगिरीचं तेल पोटात गेलं तर लहान मुलाला झटके येतात, आणि त्यासाठी फार मात्रा लागत नाही.

दुसरी समजूत अशी की झाडपाला सौम्यच असतो. बिब्बा घ्या. धोबी कपड्यांवर धुऊन न जाणाऱ्या खुणा करायचे ते याच्याच रसाने. तो रस इसबावर किंवा जुनाट नायट्यावर लावला की कातडी भाजते, पाणी भरलेले फोड येतात, आणि ‘रोग बाहेर पडला’ असं समाधान मानलं जातं. रोग कुठेच जात नाही, फोड मात्र नवा असतो. बिब्बा, काजू आणि आंबा एकाच कुळातले. चंदगड-आजऱ्याकडे काजूची टरफलं हाताळणाऱ्यांचे हात सोलवटतात ते टरफलातल्या अशाच दाहक तेलामुळे, आणि तेच तेल लोक टाचांच्या भेगांत भरतात. एका पदार्थाची ॲलर्जी बसली की त्याच्या भाऊबंदांचीही होऊ शकते. आयुर्वेदाने बिब्ब्याला कधी सौम्य म्हटलेलं नाही. विटेच्या चुऱ्यात घोळवून त्याचं शोधन केल्याशिवाय तो औषधात घ्यायचा नाही, असा दंडक आहे. आपल्या औषध कायद्याच्या नियमांतही विषारी आयुर्वेदिक द्रव्यांची एक यादी आहे, अनुसूची ई(1). त्यात भल्लातक म्हणजे बिब्बा आहे. रुई, कण्हेर आणि गुंजही आहेत.

बावचीचं प्रकरण आणखी नाजूक आहे. कोडावर तिचं तेल लावून उन्हात बसायचं, हा उपाय जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. बावचीतल्या सोरालेनचा वापर आधुनिक वैद्यकानेही केला, ठरावीक मात्रेत आणि ठरावीक अतिनील किरणांसोबत. पण घरी तेल किती लावलं आणि ऊन किती घेतलं, याला माप नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कातडी लाल होऊन फोड येतात. लिंबातही याच जातीचे घटक असतात. वांगावर लिंबू चोळून उन्हात गेलेल्या कितीतरी बायकांचा वांग आधीपेक्षा गडद होतो, तो यामुळेच.

‘झोंबतंय म्हणजे काम करतंय’ हेही असंच. झोंबणं ही कातडीची तक्रार आहे.

बाटलीतल्या सुगंधी तेलांबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. खोबरेल किंवा तिळाचं तेल घाण्यावर काढतात. गवती चहाचं किंवा लव्हेंडरचं तेल वाफेने काढतात आणि ढीगभर पाल्यातून थोडंसंच हाती येतं. त्यामुळे त्याचा एक थेंब म्हणजे मूठभर पाला. ते तसंच अंगाला लावायचं नसतं. मोठ्या माणसासाठी 30 मिली खोबरेलात 6 थेंब, म्हणजे साधारण 1 टक्का, पुरे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेवर आठवडाभर रोज लावून पाहावं. एका दिवसात काही झालं नाही म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण ॲलर्जी बसायला वेळ लागतो. जुनी बाटली मुरून गुणकारी होते, हा तर उलटा समज. हवा लागून टी ट्री, लव्हेंडर आणि लिंबाच्या तेलातले घटक बदलतात, आणि बदललेले घटकच जास्त ॲलर्जी देतात. वास बदललेली बाटली टाकून द्यावी.

मग यातलं काहीच चालत नाही का? चालतं. 1990 साली ऑस्ट्रेलियात मुरुमांच्या 124 रुग्णांवर 5 टक्के टी ट्री आणि 5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरुम कमी झाले. टी ट्रीला वेळ जास्त लागला, त्रास कमी झाला. खरजेवर कडुलिंबाचा पाला आणि हळदीचा लेप तामिळनाडूत 814 जणांना देऊन पाहिला होता. 1992 च्या त्या नोंदीत 97 टक्के बरे झाल्याचं म्हटलं आहे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, म्हणून ही आशा म्हणावी, पुरावा नव्हे. आणि खरजेत घरातल्या सगळ्यांनी एकदम उपचार घेतले नाहीत तर ती फिरून येतेच. हळदीबद्दल बोलताना लोक अमेरिकेच्या पेटंटचा दाखला देतात. जखमेवर हळद वापरण्याचं 1995 चं ते पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने लढून 1997 मध्ये रद्द करवलं. हळदीचा हा उपयोग आपल्याकडे आधीपासून ठाऊक होता, एवढंच तिथे सिद्ध झालं. जखम किती भरते, हा प्रश्न तिथे नव्हताच.

नायट्याबाबत घरगुती प्रयोग लांबवू नयेत. भारतात पसरलेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी नेहमीच्या टर्बिनाफिनलाही अनेकदा दाद देत नाही. त्यातच स्टेरॉइड मिसळलेली मलमं चिठ्ठीशिवाय घेतली जातात. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र खालून पसरते. ‘हर्बल’ लिहिलेल्या डबीवर परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसेल तर ती घेऊ नये. वनस्पतींवरच भरवसा असेल त्यांनीही स्वतः प्रयोग करण्यापेक्षा शहापुरातल्या कंकणवाडी आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी वैद्यांना दाखवावं. ती संस्था 1933 पासून उभी आहे.

सह्याद्रीत कडूकवठ नावाचं झाड आहे. त्याच्या बियांचं तेल आणि त्याच जातीचं चौलमुगरा तेल कुष्ठरोगावर शतकानुशतकं वापरलं गेलं. 1915 च्या सुमारास हवाईमध्ये ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने ते टोचता येईल असं केलं, आणि जगभरच्या रुग्णांना तेच दिलं जाई. 1940 च्या दशकात सल्फोन औषधं आली आणि तेल मागे पडलं, कारण नव्या औषधांचा गुण निर्विवाद होता. 1981 पासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला. तो सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो आणि सहा महिने ते वर्षभरात पूर्ण होतो. अंगावर फिकट किंवा लालसर डाग आहे, खाजत नाही, दुखत नाही, पण तिथे स्पर्श कळत नाही, असं असेल तर तो कुष्ठरोग असू शकतो; त्यावर कडुलिंब नको, बावची नको, कुठलंच तेल नको. त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात जाऊन तो डाग दाखवावा.