एकाच तळ्यातले काही मासे मरतात, काही तगतात. असं का?

ताईंनो, मागच्या बैठकीत एकीनं विचारलं होतं, "शेततळं एक, खाद्य एक, मग साथीत निम्मे मासे मेले आणि निम्मे धडधाकट, हे कसं?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आता वाचून लिहिते.

चिलापीचंच घेऊ. आपल्या इंद्रायणी-पवनेचं पाणी शेवटी ज्या उजनीत जातं, तिथं हा मासा भरपूर निघतो. पुस्तकातलं नाव तिलापिया. त्याला मारणारा एक विषाणू २०१४ मध्ये इस्रायलमध्ये ओळखला गेला, २०१८ मध्ये भारतातही त्याची नोंद झाली. मासा खाणं सोडतो, सुस्तावतो, डोळे खराब होतात, अंगावर जखमा दिसतात. माणसाला हा रोग झाल्याचं आढळलेलं नाही. पण म्हणून मेलेला मासा बाजारात न्यायचा नाही हं!

विषाणू पेशीत शिरला की ती पेशी जणू दवंडी पिटते. ती ऐकून शेजारच्या पेशींतली एरवी गप्प असलेली जनुकं जागी होतात आणि विषाणूला अडवणारी प्रथिनं बनवायला लागतात. ही जनुकं आईबापाकडून येतात, आणि सगळ्या माशांची सारखी नसतात. मलेशियात 'गिफ्ट' तिलापियाच्या तळ्यात साथ आली, तेव्हा कुठला मासा कुणाचा याची नोंद आधीपासून होती. एकूण १२४ कुटुंबं. काहींतले सगळे मासे मेले, काहींतला एकही मेला नाही! नॉर्वेत सामन माशांच्या एका विषाणूरोगासाठी आता जनुक तपासूनच आईबाप निवडतात. तिथं तो रोग बराच घटला.

मग आपल्या तळ्यात वाचलेल्यांचंच बीज धरायचं का? नाही. तो मासा जनुकांमुळे तगला की नुसता नशिबानं, ते बघून कळत नाही. शिवाय त्याच्या अंगात विषाणू लपून राहू शकतो. म्हणून असे मासे दुसऱ्या ताईंच्या तळ्यात सोडू नका.

टेम्पोवाल्याकडचं स्वस्त बीज टाळा, बोटुकली मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्या. तिलापियाला तर आधी परवानगी लागते. अँटिबायोटिकवर गटाचे पैसे घालू नका, ते जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. मेलेले मासे ओढ्यात न फेकता चुना टाकून खोल पुरा, आणि त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा.