लहान हॅचबॅक मोटारगाडी

लहान हॅचबॅक हा प्रवासी मोटारगाडीचा एक प्रकार आहे. या गाडीला डिकीचा स्वतंत्र कप्पा नसतो. मागील काचेसह वर उघडणारे पाचवे दार ही तिची ओळख असून मागील आसन दुमडले की बसण्याची जागा आणि सामानाची जागा एक होते. अमेरिकेत या आकाराच्या गाड्यांना ‘सबकॉम्पॅक्ट’ म्हणतात. भारतात मात्र लहान गाडीची व्याख्या रस्त्यापेक्षा करप्रणालीने अधिक ठरवली. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात लांबी ४ मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १,२०० घन सेंटीमीटरपर्यंत, डिझेलचे असल्यास १,५०० पर्यंत अशा गाड्यांवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले गेले. ही मर्यादा पुढे वस्तू व सेवा करातही टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या गटावर १८ टक्के कर आहे.

अशी गाडी रोजच्या वापरासाठी कशी पारखावी, हे समजण्यास ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यातील पडघा या गावाचा परिसर सोयीचा आहे. येथील रहिवाशाची गाडी एकाच आठवड्यात अगदी भिन्न रस्त्यांवरून जाऊ शकते. गावातील अरुंद बाजाररस्ता, गांधारी पुलावरून कल्याणला जाणारा वर्दळीचा मार्ग, गोदामांच्या कंटेनरांनी भरलेला मुंबई–नाशिक महामार्ग, त्यावरच पुढे लागणारा कसारा घाट आणि जवळच आमणे येथे संपणारा समृद्धी महामार्ग असे हे मार्ग आहेत. एका रस्त्यावर गुणी ठरलेली गाडी दुसऱ्यावर तशीच ठरेल असे नाही.

पार्श्वभूमी

भारतीय मध्यमवर्गाला लहान हॅचबॅकची सवय लावली ती १४ डिसेंबर १९८३ रोजी बाजारात आलेल्या मारुती ८०० ने. तीन सिलिंडर आणि ७९६ घन सेंटीमीटर क्षमतेच्या इंजिनाची ही गाडी मूळ जपानी बनावटीवर आधारलेली होती. देशात आखलेली हॅचबॅक येण्यास त्यानंतर पंधरा वर्षे लागली. टाटांच्या पुणे येथील कारखान्यात तयार झालेली इंडिका १९९८ च्या जानेवारीत दिल्लीच्या वाहन प्रदर्शनात मांडली गेली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विक्रीस आली. तिच्यामागील रतन टाटा यांची अपेक्षा अनेकदा सांगितली जाते. बाहेरून झेनएवढा आकार, आत अँबेसेडरइतकी ऐसपैस जागा, मारुती ८०० च्या जवळपास किंमत आणि डिझेलचा कमी खर्च, अशी ती होती. गाडी पारखण्याची इतकी नेमकी कसोटी त्यानंतरच्या जाहिरातींत क्वचितच सापडते. पहिल्या गाड्यांविषयी तक्रारी आल्यावर २००१ मध्ये सुधारित ‘व्ही२’ आवृत्ती काढण्यात आली. पुढे भाड्याच्या गाड्यांमध्ये इंडिकाने दीर्घकाळ जम बसवला. तिचे उत्पादन २०१८ मध्ये थांबले.

१ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज ६’ हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले. लहान डिझेल इंजिन या निकषांत बसवणे खर्चिक असल्याने या वर्गातून डिझेल जवळपास नाहीसे झाले. आता ग्राहकापुढे प्रामुख्याने पेट्रोल, सीएनजी आणि काही प्रमाणात वीज हे पर्याय आहेत.

प्रमाणित मायलेज आणि प्रत्यक्ष मायलेज

जाहिरातीत दिलेला प्रतिलिटर किलोमीटरचा आकडा खोटा नसतो, पण तो रस्त्यावर मोजलेला नसतो. पुण्यात १९६६ मध्ये स्थापन झालेली ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ (एआरएआय) ही अशा चाचण्या करणारी देशातील प्रमुख संस्था आहे. तेथे गाडीची चाके रुळांवर फिरवून, ठरावीक वेगक्रमानुसार सुमारे २० मिनिटांची चाचणी घेण्याची पद्धत आहे. या क्रमात वेग ९० किलोमीटरच्या वर जात नाही आणि सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास राहतो. वातानुकूलन यंत्र बंद असते, चढ नसतो, खड्डा नसतो आणि गाडीत पाच माणसेही नसतात. सर्व गाड्यांना एकच परीक्षा असल्यामुळे दोन गाड्यांची तुलना करण्यास हा आकडा उपयोगी पडतो. महिन्याचा खर्च मांडण्यासाठी तो तसाच घेतला तर हिशेब चुकणारच.

प्रत्यक्ष मायलेज मोजण्याची खात्रीची रीत जुनीच आहे. पंपावरील नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी आणि किलोमीटरचा आकडा टिपून ठेवावा. किमान ३०० किलोमीटर चालल्यावर त्याच रीतीने पुन्हा भरावी आणि चाललेल्या अंतराला दुसऱ्या वेळी भरलेल्या लिटरने भागावे. एका वेळच्या मोजणीवर विसंबू नये. चार-पाच वेळांची सरासरी घ्यावी. डॅशबोर्डवर दिसणारा आकडा सोयीचा असला तरी वहीतील हिशेब अधिक विश्वासार्ह असतो.

मायलेजच्या आकड्याविषयी आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. महिन्याला १,००० किलोमीटर चालणाऱ्या गाडीचे मायलेज २० वरून २५ झाले, तर पेट्रोल ५० लिटरऐवजी ४० लिटर लागते. म्हणजे १० लिटर वाचले. तेच मायलेज १० वरून १२.५ झाले तर १०० ऐवजी ८० लिटर लागते आणि बचत २० लिटरची होते. दोन्ही ठिकाणी सुधारणा शेकडा २५ च आहे, परंतु खिशातील फरक दुप्पट. म्हणून २४ आणि २६ असे प्रमाणित आकडे असलेल्या दोन गाड्यांमधून निवड करताना त्या दोन किलोमीटरना अवास्तव महत्त्व देण्याचे कारण नाही. १,००० किलोमीटरमागे तो फरक साडेतीन लिटरही भरत नाही.

वेग, चढ आणि खोळंबा

कल्याणच्या रस्त्यावर गाडी अडकून पडते तेव्हा ती शून्य मायलेज देत असते. वातानुकूलन चालू ठेवून उभ्या असलेल्या लहान गाडीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल जाळते. रोज तीस मिनिटे खोळंबणाऱ्या माणसाच्या महिन्याच्या हिशेबात त्यामुळे आठ-दहा लिटरची भर सहज पडते.

महामार्गावर कारण वेगळे असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरला जो विरोध असतो, तो १०० ला दीडपटीहून थोडा अधिक आणि १२० ला सव्वादोन पट होतो. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याच्या सपाट भागात मोटारींना १२० पर्यंत वेगाची मुभा आहे. उंच, उभट आकाराच्या लहान हॅचबॅकला तो वेग गाठता येतो, पण त्या वेगात तिचे मायलेज झपाट्याने घसरते. मुभा म्हणजे सक्ती नव्हे.

घाटाचा हिशेब शाळेतील पदार्थविज्ञानाने करता येतो. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. पडघ्याचा परिसर त्या मानाने सखल आहे. माणसांसह १,१०० किलो वजनाची गाडी साडेपाचशे मीटर वर नेण्यास सुमारे ६० लाख ज्यूल ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये अंदाजे ३२० लाख ज्यूल असतात आणि त्यांपैकी साधारण चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो असे धरले, तर केवळ उंची चढण्यासाठी पाऊण लिटरच्या आसपास पेट्रोल खर्ची पडते. उतरताना यातले काही परत मिळते, कारण गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की आधुनिक इंजिनांत इंधनाचा पुरवठा थांबतो. पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची सवय त्यामुळे निरर्थक आहे आणि ब्रेकवर सगळा भार टाकणारी असल्याने धोक्याचीही आहे.

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्याचाही परिणाम होतो. इथेनॉलची उष्णताक्षमता लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश आहे. त्यामुळे २० टक्के मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा हिशेबाने ७ टक्क्यांच्या आसपास ऊर्जा कमी भरते. उसाच्या मळीतून आणि रसातून निघणाऱ्या या इंधनाशी महाराष्ट्राचे साखर कारखाने जोडलेले असल्यामुळे हा विषय येथे निव्वळ यंत्रशास्त्राचा राहत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने ती या मिश्रणासाठी बनवलेली आहे का, हे तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावे.

सीएनजीचा पर्याय

सीएनजीवर चालणाऱ्या लहान हॅचबॅकसाठी किलोमागे ३० ते ३५ किलोमीटरचे आकडे दिले जातात आणि ते पेट्रोलच्या आकड्यांशेजारी मांडले जातात. ही तुलना फसवी आहे. एक किलो सीएनजीत एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दीडपट ऊर्जा असते, म्हणून किलोमागे ३४ किलोमीटर म्हणजे ऊर्जेच्या दृष्टीने लिटरमागे २३ च्या जवळपास. इंजिन अधिक कार्यक्षम झालेले नसते. इंधन स्वस्त असते, एवढाच लाभ.

तो लाभ किती चालवण्यावर मिळतो हे महत्त्वाचे. समजा, सीएनजी आवृत्तीची किंमत ९० हजार रुपयांनी जास्त आहे, पेट्रोल १०० रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो आहे, आणि प्रत्यक्षात पेट्रोलवर १८ व सीएनजीवर २५ किलोमीटर मिळतात. महिन्याला १,००० किलोमीटर चालवणाऱ्याचा पेट्रोलखर्च सुमारे ५,५५० रुपये आणि सीएनजीखर्च ३,२०० रुपये येईल. जास्तीची किंमत भरून निघण्यास तीन वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. ५०० किलोमीटरच चालवणाऱ्यास सहा वर्षांहून अधिक. फक्त रविवारी आणि लग्नकार्याला गाडी बाहेर काढणाऱ्या कुटुंबाने सीएनजी घेणे म्हणजे पुढील कित्येक वर्षांचे इंधन आगाऊ विकत घेण्यासारखे आहे.

यात आणखी दोन गोष्टी येतात. वॅगनआरच्या एक लिटर इंजिनाची शक्ती पेट्रोलवर सुमारे ६७ अश्वशक्ती आहे, तर सीएनजीवर ती सुमारे ५७ वर येते. पडघ्याच्या बाजारात हा फरक जाणवत नाही, कसाऱ्याच्या चढावर भरलेल्या गाडीत जाणवतो. दुसरे म्हणजे, नळकांडे सामानाची जागा घेते. पाचव्या दाराचा मूळ उपयोगच त्यामुळे संपतो. २०२३ मध्ये टाटांनी अल्ट्रोझ आणि टियागो या गाड्यांत एका मोठ्या नळकांड्याऐवजी दोन लहान नळकांडी तळाशी बसवून यावर तोड काढली. नळकांड्याची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते.

सुरक्षितता

लहान हॅचबॅकची चर्चा मायलेजपाशी सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. मुंबई–नाशिक महामार्गावर या गाडीच्या मागेपुढे कंटेनर असतात, हे लक्षात घेता तसे होणे बरे नाही.

जानेवारी २०१४ मध्ये ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेने भारतातील पाच लहान गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो आणि चाकण येथे बनणारी फोक्सवॅगन पोलो अशा त्या गाड्या होत्या. हवेच्या पिशव्या (एअरबॅग) नसलेल्या आवृत्त्यांत प्रौढ प्रवाशांच्या संरक्षणासाठी पाचांनाही शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला मात्र चार तारे मिळाले. गाडीचा सांगाडा भक्कम असेल तरच एअरबॅगचा उपयोग होतो आणि सांगाडा भक्कम असूनही एअरबॅग नसेल तर प्रवासी वाचत नाही, हे दोन्ही या चाचण्यांतून दिसले. जानेवारी २०२० मध्ये अल्ट्रोझला पाच आणि टियागोला चार तारे मिळाले. एप्रिल २०२३ मध्ये अधिक कडक निकषांवर वॅगनआरला एकच तारा मिळाला. भारताची स्वतःची ‘भारत एनकॅप’ ही ऐच्छिक श्रेणीपद्धती १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली.

हे तारे वाचताना एक मर्यादा ध्यानात ठेवावी. समोरील धडकेची चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने, चिरडला जाणारा अडथळा ठेवून होते आणि ती साधारणतः तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्या गाडीशी होणाऱ्या टकरीसारखी असते. तीस टनांच्या ट्रकशी होणाऱ्या धडकेचे उत्तर कोणत्याच ताऱ्यांत नाही. रात्री दिवे न लावता कडेला उभ्या केलेल्या ट्रकच्या मागील उंच भागाखाली लहान गाडी शिरते तेव्हा आघात गाडीच्या नाकावर न होता थेट काचेवर होतो. येथे कामी येतात ते चांगले दिवे, वेगावरचा ताबा, चाके लॉक होऊ न देणारी ब्रेकप्रणाली आणि पुढच्या वाहनापासून राखलेले अंतर. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावणे कायद्याने बंधनकारक आहे. लहान गाडीत मागील माणूस पुढील आसनावर आदळला तर पुढच्याचाही जीव धोक्यात येतो, हे घरातील वडीलधाऱ्यांना समजावून सांगावे लागते.

पावसाळा आणि देखभाल

भिवंडी तालुक्यातील पावसात जमिनीपासूनची उंची महत्त्वाची ठरते. या वर्गात ती साधारण १६० ते १७० मिलिमीटर असते आणि पाच माणसे बसली की कमी होते. पाण्यात गाडी बंद पडल्यास ती पुन्हा सुरू करू नये. हवेच्या मार्गाने इंजिनात पाणी शिरले असेल तर कळ फिरवताच आतील दांडे वाकतात आणि काही हजारांचे काम लाखाकडे जाते. अशा नुकसानीची भरपाई साध्या विमा पॉलिसीत बहुधा नसते. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

टायरमधील हवा कमी असेल तर मायलेज घटते आणि ओल्या रस्त्यावर पकडही घटते. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, ती तपासावी. स्टेपनीची हवाही त्याच वेळी पाहावी. ती नेमकी गरजेच्या वेळी उतरलेली सापडते.

वापरलेली गाडी घेताना किलोमीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसिंगच्या नोंदी, नोंदणी पुस्तकातील कर्जाचा बोजा, थकलेले ई-चलन आणि विम्याचे पूर्वीचे दावे तपासणे अधिक उपयोगाचे असते. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते व पुढे योग्यता तपासून पाच-पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण होते. त्यामुळे बारा वर्षांची स्वस्त गाडी घेताना हा खर्चही किमतीत धरावा.

चाचणी म्हणून गाडी चालवून पाहण्याची वेळ आली, तर विक्रेत्याने सुचवलेल्या मोकळ्या रस्त्यावर एकट्याने फेरी मारून फारसे काही कळत नाही. घरातील चार माणसे बसवून, वातानुकूलन लावून, शक्य असल्यास एखाद्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून पाहावी. मागील आसनावर ज्येष्ठ व्यक्तीला बसवून गुडघ्यांना जागा पुरते का, चढता-उतरता येते का, हे तिलाच विचारावे.