दोन थेंब, दोन टँकर

नाशिकच्या गंजमाळ भागात रोटरी हॉल आहे. रोटरीच्या सभेला कधी गेला असाल तर तिचा थाट ठाऊक असेल. अध्यक्षांच्या टेबलावर पितळी घंटा, तिच्यावर टोला पडला की सभा सुरू. कॉलरला दातेरी चाकाची पिन. ‘सार्जंट ॲट आर्म्स’ असं भारदस्त नाव मिरवणारा एक पदाधिकारी, ज्याचं मुख्य काम म्हणजे सभेची शिस्त राखणं. परदेशी क्लबांनी भेट दिलेले छोटे झेंडे. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, पाहुण्यांची ओळख, आभार, आणि मग ‘फेलोशिप’, म्हणजे जेवण. बाहेरच्याला हा सगळा प्रकार थोडा गमतीचा वाटतो, आणि तो आहेही.

पण जरा आकडेमोड करू. जगात रोटरीचे क्लब 46 हजारांच्या आसपास आहेत आणि सभासद 12 लाखांच्या घरात. म्हणजे क्लबामागे सरासरी 26 माणसं. एखाद्या लग्नाच्या पंगतीत बसतील एवढीच. पूर्वी सभा दर आठवड्याला व्हायलाच हवी, असा नियम होता. चुकली तर दुसऱ्या क्लबच्या सभेला जाऊन हजेरी भरून काढायची, मग तो क्लब मुंबईतला असो की मेलबर्नमधला. 2016 मध्ये नियम सैल झाला. आता महिन्याला दोन सभा झाल्या तरी चालतं. हा कमीत कमीचा हिशेब धरला तरी वर्षाला 11 लाख सभा होतात. जगात कुठे ना कुठे दर 29 सेकंदांनी ती घंटा वाजते. सभा तासाभराची धरली तर एका वर्षात 126 वर्षं भरतील एवढ्या सभा! खुद्द रोटरीचा जन्म 23 फेब्रुवारी 1905 चा, शिकागोतला. म्हणजे संस्थेचं सगळं आयुष्य मोजलं तरी ते तिच्या एका वर्षाच्या सभांहून कमी भरतं.

एवढ्या बैठकांतून निघतं काय, हा प्रश्न रास्त आहे. पैशापासून सुरुवात करू. 1917 मध्ये रोटरीचे तेव्हाचे अध्यक्ष आर्च क्लम्फ यांनी कायमस्वरूपी निधीची कल्पना मांडली आणि 1918 मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या क्लबने पहिली देणगी दिली: 26 डॉलर 50 सेंट. आजच्या दराने दोन-अडीच हजार रुपये. त्याच निधीतून, म्हणजे रोटरी फाउंडेशनमधून, आजवर चार अब्ज डॉलरहून जास्त रक्कम कामांवर खर्च झाली आहे. या पैशाची चाल संथ असते. वार्षिक निधीत आज टाकलेला डॉलर आधी गुंतवला जातो आणि तीन वर्षांनी कामाला लागतो. मोठं अनुदान, ज्याला ‘ग्लोबल ग्रँट’ म्हणतात, किमान 30 हजार डॉलरच्या प्रकल्पालाच मिळतं आणि त्यासाठी दोन देशांतले क्लब लागतात: एक जिथे काम व्हायचं तिथला, दुसरा परदेशातला. नाशिकचे क्लब ज्या 3030 क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टमध्ये येतात, ते थेट विदर्भापर्यंत पसरलेलं. तिथल्या एखाद्या क्लबला इस्पितळासाठी यंत्र हवं असेल, तर सातासमुद्रापार एक जोडीदार क्लब शोधावा लागतो. ते परदेशी झेंडे भिंतीच्या शोभेपुरते नसतात, ते असे.

आणि मदतीचा ओघ एकाच दिशेने वाहतो असंही नाही. चंदीगडचे राजेंद्र साबू 1991-92 मध्ये रोटरीचे जागतिक अध्यक्ष होते. पुढे 1998 पासून त्यांच्या पुढाकाराने भारतीय डॉक्टरांची पथकं आफ्रिकेत शस्त्रक्रियांसाठी जाऊ लागली. पहिलं पथक युगांडाला गेलं.

मात्र आकडे खरोखर डोकं गरगरवतात ते पोलिओचे. 1979 मध्ये रोटरीने फिलिपिन्समध्ये 60 लाख मुलांना डोस देण्याचं काम हाती घेतलं. 1985 मध्ये जगभरासाठी 12 कोटी डॉलर जमवायचं ठरवलं. 1988 पर्यंत जमले 24 कोटी 70 लाख. त्या वर्षी जगातल्या 125 देशांत पोलिओ होता आणि वर्षाला साडेतीन लाख मुलं लुळी पडत होती, म्हणजे दर दीड मिनिटाला एक. आणि हे फक्त दिसणारे रुग्ण. संसर्ग झालेल्या साधारण 200 जणांमागे एकालाच लुळेपणा येतो, बाकीचे कळत-नकळत विषाणू पसरवत राहतात. एका रुग्णासाठी गल्लीतल्या प्रत्येक मुलाला थेंब द्यावे लागतात, ते यामुळे.

आता मोहीम ऐन भरात असतानाची भारतातली एक राष्ट्रीय फेरी घ्या. पाच वर्षांखालची सुमारे 17 कोटी 20 लाख मुलं, 20 कोटी 90 लाख घरं, 23 लाख लस देणारे, त्यांच्यावर दीड लाख पर्यवेक्षक. एका मुलाला दोन थेंब, म्हणजे एक दशांश मिलिलिटर. सगळ्या देशाची लस एकत्र ओतली तर भरते 17,200 लिटर! उन्हाळ्यात येवला-नांदगावकडे धावणारे दहा हजार लिटरचे पाण्याचे दोन टँकर भरणार नाहीत. पण हे पाणी नव्हे. एका डोसात पोलिओच्या पहिल्या प्रकाराचेच निदान 10 लाख दुबळे केलेले जिवंत विषाणू असतात. त्या न भरलेल्या दोन टँकरांत ते 172 लाख कोटी झाले. शिवाय ही लस 20-20 डोसांच्या कुप्यांत, वाया जाणारी सोडूनही 86 लाख कुप्यांत, बर्फाच्या पेटीतून दारापर्यंत न्यायची. कुपीवर एक गोल आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन काळवंडतो. तो गोलाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची. अडाणी-शहाण्या कुणालाही नुसत्या नजरेने कळावं, अशी ही युक्ती मला अख्ख्या मोहिमेतली सगळ्यात हुशार वाटते.

घरांचं गणित तर आणखी अफाट. एकच माणूस मिनिटाला एक घर या वेगाने, न झोपता, न थांबता निघाला असता तर? शिवजन्माच्या वर्षी, 1630 मध्ये निघालेला माणूस शेवटच्या दारात 2027 मध्ये, नाशिकच्या सिंहस्थात पोचला असता. हेच काम 23 लाख लोकांनी काही दिवसांत केलं. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी 91 घरं. सगळ्या मुलांना डोस मिळाला की दारावर खडूने ‘पी’, एखादं राहिलं की ‘एक्स’. ‘एक्स’च्या घरी पुन्हा फेरी.

इथे श्रेयाची वाटणी नीट करायला हवी. पोलिओच्या कामासाठी रोटरीने आजवर अडीच अब्ज डॉलरहून अधिक पैसा दिला, टोप्या-बॅनर पुरवले, बूथवर माणसं उभी केली, उत्तर प्रदेशात उलेमांना सोबत घेऊन आईबापांची समजूत काढली. पण भारतातल्या मोहिमेचा मोठा खर्च भारत सरकारनेच उचलला, आणि उन्हातान्हात दारं ठोठावली ती बहुतेक बायकांनी: अंगणवाडी सेविका, आशा, परिचारिका. रोटरीने स्त्रियांना सभासद करून घ्यायला 1989 उजाडलं, म्हणजे 84 वर्षं लागली. तोवर बायका क्लबात यायच्या त्या सभासदांच्या पत्नी म्हणून, ‘रोटरी ॲन’ या नावाने. एवढ्या शहाण्या संस्थेला हे समजायला इतका वेळ लागला, याचं नवल वाटतं.

2009 मध्ये भारतात 741 रुग्ण होते, जगात सर्वाधिक. 2010 मध्ये 42. 2011 मध्ये एक. 13 जानेवारी 2011 रोजी हावडा जिल्ह्यात आढळलेली मुलगी ही देशातली नैसर्गिक पोलिओची शेवटची रुग्ण. 27 मार्च 2014 रोजी पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं.

पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अजून आहे. 2021 मध्ये जगभरात मिळून नैसर्गिक पोलिओचे 6 रुग्ण उरले होते. 2024 मध्ये या दोन देशांत ते पुन्हा शंभराच्या जवळ गेले. विषाणूला व्हिसा लागत नाही, म्हणून आपल्याकडच्या फेऱ्या थांबलेल्या नाहीत. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर पुढच्या पोलिओ रविवारी, आधीचे सगळे डोस झालेले असले तरीही, त्याला बूथवर घेऊन जा.