एंजिनाचा श्वास आणि त्याचे गणित

बेळगाव आणि यंत्रविद्या यांचा ऋणानुबंध जुना आहे. कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली याच गावी सायकलींचे दुकान घातले, पुढे येथेच कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार केले आणि १९१० मध्ये ते किर्लोस्करवाडीस गेले. आजही उद्यमबागेतील कारखान्यांतून वाहनांचे ओतीव भाग बाहेर पडतात. परंतु एंजिनाचे भाग ओतणे ही एक विद्या आणि चालत्या एंजिनाची प्रकृती ओळखणे ही दुसरी. या दुसऱ्या विद्येतील एक सोपे पण फार उपयोगी गणित वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरची चूल गाडीच्या चाकांवर पेटते. कोणी बेळगावची भाजी चोर्ला घाटाने गोव्यास पोचवतो, कोणी निपाणी-कोल्हापूर फेऱ्या करतो, कोणाचा मुलगा गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली काम शिकतो. गोव्याहून परतणारा चालक पुष्कळदा म्हणतो, ‘खाली गाडी झकास ओढते, घाट चढून वर आली की मरगळते.’ अशा वेळी एंजिन खोलण्याचा सल्ला मिळाला, तर हप्ते फेडणाऱ्या माणसाचे महिन्याचे गणित कोसळते. दोष खरोखर एंजिनाचा की हवेचा, हे खोलण्यापूर्वीच समजेल काय? होय, समजू शकते.

एंजिन माणसासारखेच श्वासावर जगते. दट्ट्या खाली येताना झडपेवाटे हवा आत ओढतो. त्या हवेच्या प्रमाणातच पेट्रोल जळते आणि तेवढीच शक्ती मिळते. सिलिंडरमध्ये जितकी हवा मावावी, त्यापैकी प्रत्यक्षात किती शिरली, याचे शेकडा प्रमाण म्हणजे इंग्रजीतील ‘व्हॉल्युमेट्रिक एफिशियन्सी’. आपण तिला ‘भरण-क्षमता’ म्हणू. वाट अरुंद असते, झडप क्षणभरच उघडी राहते, म्हणून साध्या एंजिनात पूर्ण शंभर टक्के हवा सहसा भरत नाही. निरोगी एंजिन भरवेगात साधारण ऐंशी ते नव्वद टक्के भरते. टर्बो बसवलेल्या एंजिनात हवा दाबून कोंबली जाते, म्हणून तेथे हाच आकडा शंभराच्या वर जातो. ते प्रकरण येथे बाजूस ठेवू.

पूर्वी हे सारे अनुभवी मिस्त्री कानाने व हाताने ओळखत, आणि त्यांचे कसब आजही मोलाचे आहे. आता त्याच्या जोडीस सेन्सर आले आहेत. १ एप्रिल २०२० पासून देशभर ‘भारत स्टेज सहा’ हे धूरनियम लागू झाले आणि नव्या मोटारसायकलींतूनही कार्बोरेटर जाऊन संगणकाने पेट्रोल सोडण्याची पद्धत आली. मोटारीत डॅशबोर्डाखालील खुंटीस लहानसा स्कॅनर जोडला की एंजिनाचे फेरे, आत येणाऱ्या हवेचे उष्णतामान, तिचा दाब, आणि काही गाड्यांत दर सेकंदास शिरणाऱ्या हवेचे वजन हे आकडे मोबाईलवर दिसतात. हे शेवटचे वजन ‘मॅफ’ नावाचा सेन्सर देतो.

आता उदाहरण घेऊ. एक पेट्रोल गाडी आहे, एंजिन १२०० सी.सी., म्हणजे १.२ लिटर. हे चार स्ट्रोकचे एंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पूर्ण श्वास घेते. म्हणून मिनिटास ३००० फेरे असता ते १.२ × १५०० = १८०० लिटर, म्हणजे सेकंदास ३० लिटर हवेची जागा मोकळी करते.

एक लिटर हवेचे वजन किती? हवेचा दाब किलोपास्कलमध्ये घ्यावा. उष्णतामानाच्या सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून त्यास ०.२८७ ने गुणावे. आणि या गुणाकाराने दाबास भागावे. उत्तर ग्रॅममध्ये येते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंच असल्याने येथे हवेचा दाब ९३ च्या आसपास असतो; पणजीस तो १०१ च्या आसपास असतो. ज्या गाडीत दाबाचा ‘मॅप’ सेन्सर आहे, तीत चावी फिरवून, पण एंजिन चालू न करता, हा स्थानिक दाब वाचता येतो. ३० अंश उष्णतामान धरले तर बेळगावी ९३ ÷ (०.२८७ × ३०३) = सुमारे १.०७ ग्रॅम. अर्थात ३० लिटर जागेत ३२.१ ग्रॅम हवा मावावी.

समजा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असता मॅफ सेन्सरने २७ ग्रॅम दाखवले. २७ ÷ ३२.१ म्हणजे ८४ टक्के. एंजिन उत्तम आहे.

आता पाहा, मापदंड चुकला की न्याय कसा चुकतो. त्याच २७ ग्रॅमना कोणी समुद्रकाठच्या हवेने भागले, तर तेथील लिटरचे वजन १.१६ ग्रॅम, म्हणून भाजक ३४.८ होतो आणि उत्तर ७८ टक्के येते. चांगले एंजिन विनाकारण आजारी ठरते! घाट चढल्यावर सुमारे आठ टक्के हवाच विरळ होते. तेवढी ओढ कमी होणारच. उन्हाळ्याचेही तसेच. १५ अंशांच्या हवेपेक्षा ३५ अंशांची हवा साडेसहा टक्के हलकी असते. यावर पाना-पकड हा उपाय नव्हे.

उलट बेळगावच्याच हवेत २२.५ ग्रॅम आले, तर भरण-क्षमता ७० टक्के ठरते. येथे मात्र काही तरी अडले आहे. प्रथम स्वस्त गोष्टी पाहाव्यात: धुळीने तुंबलेला एअर फिल्टर आणि मळलेला मॅफ सेन्सर. सेन्सरवर धूळ बसली तर तो खरी हवाही कमी दाखवतो. त्यानंतर तुंबलेला सायलेन्सर, झडपांचे अंतर आणि सर्वांत शेवटी झिजलेल्या रिंगा. या क्रमाने गेल्यास पुष्कळ एंजिने खोलावी लागत नाहीत.

एक सावधगिरी सांगितली पाहिजे. ज्या गाडीत मॅफ सेन्सर नाही, तेथेही काही स्कॅनर हवेचे वजन दाखवतात. ते मोजलेले नसते. संगणकाने दाब, उष्णतामान आणि आपल्या पोटातील भरण-क्षमतेचे कोष्टक यांवरून ते काढलेले असते. त्यावरून एंजिनाची परीक्षा करणे म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच्याच वहीतील उत्तर पाहून स्वतःचे गणित बरोबर ठरवण्यासारखे आहे.

मात्र ट्यूनिंग करणारे हेच कोष्टक दुरुस्त करतात. पेट्रोलच्या एका भागास हवेचे १४.७ भाग हे बरोबर प्रमाण. समजा, एका वेगास कोष्टकात ८० टक्के लिहिले आहे, पण धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सरने प्रमाण १५.४ दाखवले. म्हणजे हवा अंदाजापेक्षा अधिक शिरली. मग त्रैराशिक मांडावे: ८० × १५.४ ÷ १४.७ = सुमारे ८४. हा आकडा कोष्टकात लिहिला की पेट्रोल बरोबर पडते. पेट्रोल कमी पडत राहिले तर भाराखाली एंजिन तापते व ठोके देते, आणि जास्त पडले तर पैसा धुरातून जातो. अर्थात इंजेक्टर वा पेट्रोलचा दाब बिघडला नाही, याची खात्री आधी करावी. नाही तर दुसऱ्याचा दोष कोष्टकाच्या माथी बसेल.

वाचन घेताना एकाने गाडी हाकावी व दुसऱ्याने आकडे टिपावेत. रस्ता मोकळा असावा आणि वेगाची मर्यादा पाळावी. दुसऱ्या गिअरमध्ये हे काम सहज होते.

गाडी निरोगी असतानाच एकदा हे वाचन घेऊन तारीख, गाव, उष्णतामान, दाब, फेरे आणि हवेचे वजन वहीत लिहून ठेवावे. पुढे तक्रार उद्भवली की त्याच फेऱ्यांवर पुन्हा मोजून भरण-क्षमता ताडून पाहावी. आठवी-नववीच्या मुलास हा भागाकार सहज येतो. घरच्या गाडीची ही वही त्याच्याकडे सोपवावी. त्याला गणिताचा उपयोग कळेल आणि गॅरेजात जाताना मालकाच्या हाती नुसत्या शंकेऐवजी एक आकडा असेल.