नदी बुजवली, नाव उरले

'स्पिरिटेड अवे' या चित्रपटाच्या अखेरच्या टप्प्यात दहा वर्षांची चिहिरो एका पांढऱ्या ड्रॅगनच्या पाठीवर बसून रात्रीच्या आकाशातून परतत असते. वाटेत तिला आईने सांगितलेली एक जुनी गोष्ट आठवते. ती फार लहान असताना एका नदीत पडली होती आणि नदीनेच तिला उथळ पाण्यात आणून सोडले होते. ती नदी आता नाही. तिच्यात भराव घालून इमारती उभ्या राहिल्या. नदीचे नाव होते कोहाकू. हे नाव उच्चारले जाताच ड्रॅगनचे खवले गळून पडतात आणि त्याच्या जागी हाकू हा मुलगा दिसू लागतो. स्वतःचे नाव विसरल्यामुळे चेटकिणीच्या चाकरीत अडकलेला हा मुलगा म्हणजे ती बुजवलेली नदीच असते.

हायाओ मियाझाकी यांचा हा चित्रपट २००१ च्या जुलैमध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. २००२ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात त्याला 'सुवर्ण अस्वल' मिळाले आणि २००३ मध्ये ऑस्कर. घिबली स्टुडिओचे बहुतेक चित्रपट २०२० पासून भारतात नेटफ्लिक्सवर उपलब्ध झाल्याने आपल्याकडील अनेक घरांत ते मुलांची परीकथा म्हणून पाहिले जातात. परंतु बुजवलेली नदी ही परीकथेतील कल्पना नव्हे. १९६४ च्या ऑलिंपिकच्या तयारीत टोकियोतील कितीतरी ओढे आणि लहान नद्या काँक्रीटच्या झाकणाखाली गेल्या. शिबुया हे आज जगभर ओळखले जाणारे गजबजलेले ठिकाण. त्याच नावाच्या शिबुया नदीचा वरचा प्रवाह रस्त्याखालून वाहतो. वरून चालणाऱ्या हजारोंना आपल्या पायाखाली पाणी आहे याची गंधवार्ता नसते.

नाव हरवणे हे या चित्रपटाचे मुख्य सूत्र आहे. युबाबा नावाची चेटकीण चिहिरोला देवांच्या स्नानगृहात नोकरी देते, तिच्याकडून करारपत्र लिहून घेते आणि कागदावरील तिच्या नावाची अक्षरे हाताने उचलून घेते. मागे एकच चिन्ह उरते. त्याचा स्वतंत्र उच्चार 'सेन' आणि अर्थ 'हजार'. 'चिहिरो' म्हणजे हजार वावांइतकी खोली. त्यातील खोली गेली, निव्वळ आकडा राहिला. जपानी लिपी जाणणाऱ्या प्रेक्षकाला ही किमया पडद्यावर डोळ्यांनी दिसते. आपल्यासाठी ती अनुवादात बरीचशी निसटते, याची रुखरुख वाटते.

चिहिरोचे आईवडील ज्या ओसाड जागी जाऊन डुकरे होतात, ती जागा म्हणजे १९९० च्या सुमारास पैशाच्या सुळसुळाटात उभारलेले आणि नंतर बुडालेले एक करमणूक उद्यान असावे, असा तर्क वडीलच करतात. आपल्याजवळ रोकड आहे, कार्डे आहेत, या भरवशावर ते परक्यासाठी मांडलेले अन्न खाऊ लागतात. पुढे स्नानगृहात एक दुर्गंधीने लडबडलेला 'देव' येतो. चिहिरो त्याच्या अंगात रुतलेली सायकल ओढून काढते आणि तिच्यामागून कचऱ्याचा ढीग बाहेर पडतो. तो मुळात नदीचा देव असतो. मियाझाकींनी नदीच्या सफाईत स्वतः भाग घेतला होता आणि चिखलात रुतलेली सायकल ओढून काढण्याचा तो अनुभवच येथे चित्रित झाला आहे.

नद्या, झाडे, डोंगर यांत वसणाऱ्या या शक्तींना जपानीत 'कामी' म्हणतात. गोव्यातील वाचकाला ही कल्पना समजावून सांगण्यास 'राखणदार' हा एक शब्द पुरेसा आहे, जरी दोन्हींचे आचार वेगळे असले तरी. मात्र या चित्रपटांतील निसर्ग म्हणजे माणसाचा स्पर्श न झालेले अरण्य, असा समज करून घेतला तर त्यांचे मर्म हातचे जाते.

'माय नेबर टोटोरो' (१९८८) पाहा. तो टोकियोच्या वायव्येला, तोकोरोझावाजवळच्या सायामा टेकड्यांच्या परिसरावरून रेखाटलेला आहे. काळ साधारण १९५० च्या दशकातला. त्यातील भाताची शेते, पायवाटा, देवळाजवळचा प्रचंड कापराचा वृक्ष आणि मागची राई हे सारे मिळून होणाऱ्या भूप्रदेशाला जपानीत 'सातोयामा' म्हणतात. 'सातो' म्हणजे गाव आणि 'यामा' म्हणजे डोंगर. गावकरी या राईतील ओक ठरावीक वर्षांनी तोडत, बुंध्याला नवे फुटवे येऊ देत, लाकडाचा कोळसा करीत आणि पाचोळा शेतात खत म्हणून नेत. त्यामुळे राईत ऊन पोहोचे, फुले आणि किडे वाढत. आपले कुळागर जसे ना रान, ना शेत, तशीच ही रचना. ती मोडण्यास बुलडोझरच लागला असे नाही. घरात गॅस आणि शेतात रासायनिक खत आले, तेव्हा कोळसा आणि पाचोळा कोणालाच नको झाला. राई नुसती उभी राहिली, दाट व काळोखी झाली, आणि जमीन विकायला निघाली. टोटोरोची कथा जेथे घडते, तो या व्यवस्थेचा अखेरचा काळ होता. १९९० मध्ये या टेकड्यांचे तुकडे लोकवर्गणीतून विकत घेऊन राखण्यासाठी टोटोरोच्या नावाने निधी सुरू झाला. पहिला तुकडा १९९१ मध्ये घेतला गेला आणि आज अशा जागांची संख्या पन्नासहून अधिक आहे.

'टोटोरो' १६ एप्रिल १९८८ रोजी प्रदर्शित झाला, तो एकटा नव्हे. त्याच्या जोडीने इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' दाखवला जात होता. त्यात १९४५ मध्ये बॉम्बवर्षावात कोबे शहर जळते आणि भाऊबहीण उपासमारीने मरतात. ताकाहाता नऊ वर्षांचे असताना ओकायामा शहरावरील अशाच हल्ल्यातून वाचले होते. एकाच तिकिटात एक रम्य गाव आणि एक जळके शहर. गतकाळाकडे पाहताना त्यातील सोयीचा तेवढा भाग घेऊन चालत नाही, हे प्रेक्षकाला त्या दिवशी निराळे सांगावे लागले नसेल.

स्मरणरंजनाची खरी झाडाझडती ताकाहातांनीच घेतली, ती 'ओन्ली यस्टरडे' (१९९१) या चित्रपटात. माझ्या मते या साऱ्यांत तो सर्वात कमी बोलला जाणारा आणि सर्वात धीट चित्रपट आहे. त्यात राक्षस नाही, जादू नाही. १९८२ साल आहे. टोकियोतील एका कार्यालयात काम करणारी सत्तावीस वर्षांची ताएको रजा घेऊन यामागाता प्रांतात करडईच्या जातीची फुले खुडायला जाते. या फुलांपासून लाल रंग काढतात. पहाटेच्या दवात काटे मऊ असतात, म्हणून खुडणी भल्या पहाटे करावी लागते. तिच्या मेहुण्याचे आप्त त्या गावात राहतात, एवढाच तिचा गावाशी संबंध. लहानपणी वर्गातील मुले सुटीत गावी जात, तेव्हा हिला जायला गाव नव्हते. ती हुरहुर घेऊनच ती आलेली असते. सोबत तिच्या मनात १९६६ मधली पाचवीतली ताएकोही आलेली असते. त्या आठवणी फिक्या जलरंगात, कडा कोऱ्या सोडून रंगवल्या आहेत. वर्तमान मात्र पानन्‌पान दिसेल असे रेखीव आहे.

एका प्रसंगी ताएको समोरचा देखावा पाहून निसर्गाचे कौतुक करते. सेंद्रिय शेती करणारा तोशिओ तिला थांबवून सांगतो की ही राई, हा ओढा, हे बांध, सारे शेतकऱ्यांनी घडवलेले आहे, प्रत्येकाला इतिहास आहे. यावर ताएको म्हणते की म्हणूनच येथे जन्म न होताही हे आपले गाव वाटते. जपानीत जन्मगावाला 'फुरुसातो' म्हणतात, म्हणजे जुने गाव. 'सातोयामा'मधला 'सातो' तोच. इथेच एखाद्या सामान्य चित्रपटाने गोड शेवट केला असता.

ताकाहाता पुढे जातात. घरातील आजी ताएकोला सरळ विचारते, तू तोशिओशी लग्न करून इथेच का राहत नाहीस? ताएको गडबडते आणि पावसात घराबाहेर पडते. गावावरचे आपले प्रेम सुटीपुरते होते, हिवाळ्याचा आणि कष्टांचा आपण विचारच केला नव्हता, हे तिच्या ध्यानी येते. त्याच क्षणी तिला शाळेतील एक गरीब, मळकट मुलगा आठवतो. वर्गातील मुली त्याची उघड टिंगल करीत. ती करीत नसे, परंतु मनातून तिला त्याची सर्वांहून अधिक किळस वाटत असे. शाळा सोडून जाताना त्याने साऱ्या वर्गाशी हात मिळवले, हिच्याशी मात्र नाही. वर्षानुवर्षे गोंजारलेल्या आठवणींच्या पेटीतून ही आठवण आजवर बाहेर पडली नव्हती. आठवणारा माणूस स्वतःलाही निवडून आठवतो, हे इतक्या थंडपणे दाखवणारे प्रसंग चित्रपटांत फार थोडे असतील.

गमावलेल्या भूमीचा हिशेब ताकाहातांनी 'पॉम पोको'त (१९९४) उघडपणे मांडला. टोकियोच्या पश्चिमेकडील तामा टेकड्या सपाट करून 'तामा न्यू टाउन' हे प्रचंड उपनगर वसवले गेले. १९६५ मध्ये योजना ठरली आणि १९७१ मध्ये पहिली बिऱ्हाडे राहायला आली. या टेकड्यांवरील तानुकी हे श्वानकुळातील केसाळ प्राणी लोककथांत रूप पालटण्यासाठी प्रसिद्ध आहेत. चित्रपटात ते आपली सारी विद्या पणाला लावून बांधकामाशी झुंजतात आणि हरतात. शेवटी उरलेली शक्ती एकवटून ते एकच गोष्ट करतात. इमारतींच्या जागी क्षणभर जुनी शेते, जुने ओढे, जुनी घरे उभी करतात. सज्जांत आलेले रहिवासी थक्क होतात, तानुकी स्वतःही त्या दृश्यात हरवतात, आणि दृश्य विरून जाते. नंतर ज्यांना रूप पालटता येते ते सूट घालून लोकलच्या गर्दीत माणसांसारखे जगू लागतात. ज्यांना येत नाही, त्यांच्या वाट्याला उरलेसुरले झुडूप, कचरापेट्या आणि मोटारींखालचे मरण येते.

शेवटच्या चित्रात उरलेले तानुकी गोल्फच्या मैदानावर नाचत असतात आणि कॅमेरा मागे सरकत रात्रीच्या दिव्यांनी लखलखणारे शहर दाखवतो. पुढच्याच वर्षी आलेला, योशिफुमी कोन्दो दिग्दर्शित व मियाझाकी लिखित 'व्हिस्पर ऑफ द हार्ट' सुरू होतो तो तशाच रात्रीच्या शहरावर, आणि घडतो त्याच तामा परिसरात. त्यातील शिझुकू या शाळकरी मुलीला 'कंट्री रोड्स' हे अमेरिकी गीत जपानीत आणायचे आहे. पण फुरुसातो म्हणजे काय हेच तिला उमगत नाही, म्हणून ती गंमतीने त्याचे 'काँक्रीट रोड' करते. ज्या काँक्रीटखाली तानुकींचे घर गेले, तेच हिचे गाव आहे. चढाचे रस्ते, जिने, ग्रंथालय यांवर तिचा जीव जडतो आणि चित्रपट तिची थट्टा करीत नाही. दोन्ही चित्रपट एकाच स्टुडिओने एका वर्षाच्या अंतराने केले आणि दोहोंतील कोणताही दुसऱ्याला खोटे पाडत नाही.

मग 'जपानी' असणे म्हणजे काय, हा प्रश्न उरतोच. १९४१ मध्ये जन्मलेल्या मियाझाकींच्या कुटुंबाचा लढाऊ विमानांचे भाग बनवण्याचा कारखाना होता. देशाने आशियात केलेल्या युद्धाची आणि त्यातून आपल्या घराला मिळालेल्या सुबत्तेची लाज त्यांना तरुणपणी छळत असे. सासुके नाकाओ या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या पुस्तकाने त्यांना मार्ग दाखवला. १९५८ मध्ये भूतानमध्ये फिरलेल्या नाकाओंचे प्रतिपादन असे होते की हिमालयाच्या उतारांपासून युन्नान व दक्षिण चीनमार्गे पश्चिम जपानपर्यंत सदाहरित रुंदपर्णी वनांचा एक पट्टा आहे आणि चहा, चिकट भात, आंबवलेले सोयाबीन, झाडाच्या चिकाचे रोगण अशा गोष्टी या पट्ट्यातील लोकांत समान आहेत. म्हणजे आपली मुळे सम्राट आणि राष्ट्र यांच्याही आधीच्या, सीमा न मानणाऱ्या वनात आहेत. या सिद्धान्ताबद्दल विद्वानांत मतभेद असतील. मियाझाकींना त्याने श्वास घ्यायला जागा दिली, हे खरे.

'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) हे त्या वनाचे चित्र आहे. त्यात नेहमीचे सामुराई कडेला आहेत. मध्यभागी आहेत ते उत्तरेतील जित एमिशी जमातीचा तरुण, लांडग्यांनी वाढवलेली मुलगी, आणि लोखंडाच्या भट्टीवर काम करणाऱ्या, वेश्यागृहांतून सोडवलेल्या स्त्रिया व कुष्ठरोगी. भट्टीला कोळसा हवा, कोळशासाठी डोंगर उघडे करावे लागतात. पण ती भट्टीच या टाकलेल्या माणसांना मान देते. शेवटी वनदेव मरतो आणि टेकड्या पुन्हा हिरव्या होतात. मुलगी म्हणते की हे ते वन नव्हे. मला वाटते, टोटोरोची ती लोभस, उन्हाने भरलेली राई याच दिवशी जन्माला आली.

२०२५ च्या मार्चअखेरीस लोकांनी आपली छायाचित्रे यंत्राकरवी 'घिबली शैली'त बदलून समाजमाध्यमांवर लावली. ढग, गवत, गुलाबी गाल सारे त्यात उतरले. एका आईने आपले मूल टोटोरो शंभर वेळा पाहते असे कौतुकाने कळवले, तेव्हा मियाझाकी खुश झाले नव्हते. वर्षातून एकदा पाहावा, बाकी वेळ मुलाने बाहेर खेळावे, असे त्यांचे म्हणणे होते.

'स्पिरिटेड अवे'च्या शेवटी कोहाकू नदी परत येत नाही. इमारती पाडल्या जात नाहीत. पुन्हा माणसे झालेल्या आईवडिलांना काहीही आठवत नसते; गाडीवर एवढी पाने आणि धूळ कशी साचली, याचेच त्यांना नवल वाटते. चिहिरो मागच्या बोगद्याकडे एकवार पाहते. मैत्रीखातर विणून दिलेला केशबंध तिच्या केसांत क्षणभर चमकतो आणि गाडी नव्या घराच्या दिशेने निघते.