कचरा कुणाचा, पैसे कुणाचे

कचऱ्याचा विषय निघाला की लोक नाकाला रुमाल लावतात. मी बँकेत नोकरी केलेली बाई, त्यामुळे आधी विचारते की यात पैसा कुठून कुठे जातो. कोथरूडच्या आमच्या सोसायटीची सचिव झाल्यापासून तर याचं उत्तर तयारच ठेवावं लागतं, कारण दर सभेत कुणीतरी उठून म्हणतंच, "मिळकतकर भरतो ना आम्ही? मग कचऱ्याचे वेगळे पैसे कसले?"

तर ऐका. शहराचा कचरा उचलायच्या मुख्यतः दोन तऱ्हा. एक म्हणजे ठेकेदार नेमायचा आणि टनामागे दर ठरवायचा. ज्याला वजनाचे पैसे मिळतात तो ओला-सुका वेगळा कशाला करत बसेल? शहाळी, भिजलेली रद्दी, राडारोडा, जे जड ते त्याच्या फायद्याचं. दुसरी तऱ्हा पुण्यानं बऱ्याच भागात धरली आहे. इथे दारातून कचरा नेणाऱ्या बाईला घराकडून महिन्याचं शुल्क मिळतं, आणि त्या कचऱ्यातला पुठ्ठा, बाटल्या, पत्रा विकून येतील ते पैसेही तिचेच. आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही. म्हणजे कचरा नीट वेगळा व्हावा याची निकड महापालिकेच्या साहेबांपेक्षा आणि माझ्यापेक्षा तिला जास्त.

हे कुणा अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेलं नाही. १९७२च्या दुष्काळानंतर अनेक कुटुंबं, बहुतेक दलित, गाव सोडून पुण्यात आली आणि त्यातल्या बायका खांद्यावर गोणी टाकून कचराकुंड्या धुंडाळत होत्या. लोक त्यांना हाकलत, पोलिस चोर समजत. १९९३ साली या बायकांची युनियन झाली, 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. डॉ. बाबा आढाव पाठीशी होते. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून आलेल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण यांनी ती बांधली. ओळखपत्रं मिळाली. ओळखपत्र म्हणजे काय, हे हमालांच्या संघटनेत आयुष्य घातलेल्या बाबांना कुणी सांगायला नको होतं. पुढे २००८ साली याच बायकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेनं करार केला आणि कुंडीवरची बाई दारावर आली. आज या संस्थेत तीन हजारांहून अधिक कचरावेचक आहेत. सहकाराच्या नावानं आपल्याकडे साखर कारखानेच आठवतात; ही सहकारी संस्थाही लक्षात ठेवायला हरकत नाही.

आमच्या इमारतीचा कचरा नेणाऱ्या ताईंनी मला जेवढं शिकवलं तेवढं महापालिकेच्या कुठल्याही पत्रकानं शिकवलं नाही. दुधाच्या पिशवीचंच घ्या. आपण कोपरा कापतो आणि तो चिमुकला तुकडा टाकून देतो. पिशवी विकली जाते. तो तुकडा मात्र कुणाच्या हाती लागत नाही, गटारात किंवा गाईच्या पोटात जातो. "काकू, कापायचं, पण तोडायचं न्हाई. लोंबता ठेवा," असं त्यांनी सांगितलं. आता घरोघरी लोंबत्या कोपऱ्याच्या, विसळलेल्या पिशव्या दिसतात. डायपर आणि पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा, ही रीतही याच बायकांच्या मोहिमेतून आली. ठिपका असला की पुडी उघडावी लागत नाही. खरं तर असा कचरा गुंडाळायला वेष्टन देण्याची जबाबदारी २०१६च्या घनकचरा नियमांनी उत्पादकांवर टाकली होती. पण वापरणाऱ्यानं गुंडाळलंच नाही, तर वर्गीकरण करणारीच्या हाताला काय लागत असेल, हे सभेत मी एकदा स्पष्ट शब्दांत सांगितलं. काही जणांना ते अभिरुचीला सोडून वाटलं. वाटू दे.

ओला कचरा आम्ही आवारातच जिरवतो. पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांकडून तशी अपेक्षा २०१६च्या त्याच नियमांत होती. आमचं आवार लहान, तरी केलं, कारण महापालिका मिळकतकरात सवलत देते आणि सवलत या शब्दाला कोथरूडमध्ये विरोध होत नाही. शास्त्र सोपं आहे. भाजीच्या देठांत पाणी आणि नत्र भरपूर, वाळलेल्या पानांत कर्ब. दोन्ही थरांनी घातलं, हवा खेळती ठेवली की जिवाणू कामाला लागतात आणि ढीग पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतो. वास आला तर समजायचं, पाणी जास्त झालं किंवा हवा कोंडली. पालापाचोळा टाका आणि वरखाली करा. पूर्वी पानं जाळणारे सोसायटीतले आजोबा आता त्यांची पोती भरून ठेवतात.

हेच देठ कचरा डेपोवर मोठ्या ढिगात दबले की हवेविना कुजतात. त्यातून मिथेन निघतो. तो शंभर वर्षांच्या हिशेबात कर्बवायूपेक्षा सुमारे २८ पट उष्णता धरतो. शिवाय काळं पाणी झिरपतं ते वेगळंच. कोथरूडचा डेपो बंद झाला तेव्हा आम्ही पेढे वाटले. पण कचरा संपला नव्हता, उरुळी देवाची आणि फुरसुंगीकडे जात होता. ज्ञानोबांची पालखी दिवेघाटाकडे जाते त्याच वाटेवरची ही गावं. तिथल्या विहिरी नासल्या, लोकांनी वारंवार गाड्या अडवल्या. त्यांनी गाड्या अडवल्या की पुण्याला कचऱ्याची आठवण व्हायची, एरवी नाही. पुणेकरांच्या पर्यावरणप्रेमाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते इतकंच.

सगळं आलबेल आहे असं मी म्हणणार नाही. महापालिकेशी करार संपत आला की या बायकांच्या जिवाला घोर लागतो, आणि मोटारगाड्यांचा मोठा ठेका देऊन टाकावा अशी चर्चा पुन्हा पुन्हा उठते. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की भंगारवाला ती घेतच नाही. ताई ती उचलतात ते फुकटचं ओझं. तरीही महिन्याला एका मिसळीच्या प्लेटइतकं शुल्क द्यायला लोक कां-कूं करतात, आणि महिला दिनाला त्याच ताईंना गुलाब देऊन फोटो काढतात.

पुढच्या सभेत विषय आहे सुका कचरा निवडायला छप्पर घालण्याचा. पावसाळ्यात ताई जिन्याखाली बसून निवडतात. रद्दी भिजते आणि त्यांचे पैसे बुडतात. पत्र्याची शेड, वर एक दिवा, हात धुवायला नळ, खर्च फार नाही. फक्त पार्किंगची एक जागा जाईल. तिथे ज्यांची गाडी उभी असते, त्यांनी हरकतीचं पत्र आधीच दिलं आहे. बँकेत असताना मी अशी पत्रं पुष्कळ वाचली आहेत. या पत्राला उत्तर लिहून ठेवलंय, ताईंच्या बुडालेल्या पैशांच्या हिशेबासकट.